चुरोस, उकळतं तेल आणि सासूबाईंचा हात

परवा रविवारी आमच्या आलापल्लीच्या क्वार्टरमध्ये चुरोस तळायला घेतले. माहीचा, माझ्या लेकीचा, वाढदिवस होता आणि तिला केक नको होता... मोबाईलवर पाहिलेलं ते मेक्सिकोचं गोड तळणच हवं होतं. पाण्यात लोणी उकळायचं, मैदा घालून घोटायचं, लांब कांड्या पाडून तळायच्या आणि दालचिनी-साखरेत घोळवायच्या.

पण माझं अर्धं लक्ष सासूबाईंकडे होतं.

त्या पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माझा नवरा प्रमोद ढिवर समाजाचा, मी बौद्ध. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्हीच गावी जायचो, तेही भेटून लगेच परत. या वेळी नातीनं फोनवर हट्ट धरला म्हणून त्या आल्या... सोबत स्वतःचे तांदूळ, डाळ आणि एक छोटं पातेलं घेऊन.

आल्यापासून स्वतःचं वेगळं रांधत होत्या. वाईट एक शब्द बोलल्या नाहीत, पण माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिथे दिवसभर लोकांच्या जखमा धुते, कुणाला काही अडत नाही... घरी मात्र त्या पातेल्याकडे बघून मला घास गिळवत नव्हता.

प्रमोद वनखात्यात आहे. जंगलात वणवा लागला म्हणून तो सकाळीच गेला होता. फोन लागत नव्हता. घरात आम्ही तिघीच.

कांड्या पाडायला चांदणीसारख्या तोंडाची नळी लागते, ती माझ्याकडे नव्हती. मी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून काम भागवलं. गोल, गुळगुळीत कांड्या निघाल्या... मला वाटलं, जमलं! माही ओट्यापाशी स्टुलावर चढून बघत होती.

दारात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, पोरीले इतक्या जवळ उभी केली?"

"लांबच आहे ती, आई," मी म्हटलं. जरा तुटकच म्हटलं.

कढईतली एक कांडी विचित्र फुगायला लागली. मी झारा उचलला आणि... फट्! फटाक्यासारखा आवाज झाला. कांडी फुटली आणि तेल वर उडालं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सूप पडल्याचा आवाज, घरभर तांदूळ. सासूबाई मध्ये कधी आल्या कळलंच नाही. त्यांनी माहीला ओढून पोटाशी दाबलं होतं आणि हात आडवा धरला होता. मी गॅस बंद केला. माही किंचाळत होती.

"कुठी लागलं माह्या लेकराले? डोये पाह्य तिचे! आंधी डोये पाह्य!"

मी डोळे पाहिले, गाल पाहिले, मान पाहिली. काही नव्हतं... एक थेंबसुद्धा नाही. मग वळून बघते तर सासूबाईंचा उजवा हात मनगटापासून वर लालभडक.

"हयद लाव, नाई तं पेस्ट लाव," त्या म्हणत होत्या. मी काही न ऐकता त्यांचा हात नळाखाली धरला. सूज चढायच्या आत साबण लावून बांगड्या काढल्या. पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. आता त्यांचा हात घट्ट धरून उभी होते. टाकीतलं पाणी संपू नये, एवढंच मनात घोकत होते.

मग दवाखान्यात नेलं. भाजणं खोलवर नव्हतं. ड्रेसिंग मीच केलं.

घरी आलो तेव्हा दुपार टळत आली होती. त्या सकाळपासून उपाशी. हाताला पट्टी, त्यामुळे रांधणं शक्यच नव्हतं. आणि माझी विचारायची हिंमत होत नव्हती... नाही म्हणाल्या तर?

उरलेलं पीठ टाकून देणार होते, पण माही रडवेली झाली. व्हिडिओखालच्या कमेंट वाचल्या तेव्हा कळलं, कांडी गुळगुळीत असली की आतली वाफ कोंडते आणि ती फुटते. तिला रेघा हव्यात. मग चकलीचा सोऱ्या काढला. दोघींना बाहेरच्या खोलीत बसवलं, एका हातात झाकण ढालीसारखं धरलं आणि परत गॅस पेटवला. प्रत्येक कांडी तेलात सोडली की एक पाऊल मागे सरत होते. पण एकही फुटली नाही.

ताटली आणून मध्ये ठेवली. माही खायला लागली. सासूबाई ताटलीकडे बघत होत्या.

"तुमच्या पातेल्यात भात टाकू का, आई?" शेवटी विचारलंच.

त्यांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू दे आता. भूक लागली मले... तेच दे."

डाव्या हातानं कसं खायचं म्हणून त्या घुटमळल्या. मी तुकडा मोडून तोंडाजवळ नेला. त्यांनी तोंड उघडलं.

"चकलीले साखर लावल्यावानी लागते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अजून दे."

आज सकाळी त्या गावी परतल्या. गावातलीच एक बाई इथे लेकीकडे आली होती, तिच्या सोबतीनं. निघायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "बसमंधी खायले पोया करून दे. जराशा जास्त कर... तिलेबी लागतीन."

मी कणीक मळायला घेतली. इतक्या मन लावून पोळ्या मी आजवर कधी लाटल्या नव्हत्या.