मामींचं कार्ड

माणसाचं बोलणं आमच्या कळंबच्या मामांइतकं मनावर घेणारा पृथ्वीवर दुसरा कोणी नसेल, आणि असलाच तर मामांनी त्याला वायरलेसवर केव्हाच गाठलं असेल. पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्याचा त्यांचा धंदा. त्यातून उरलेली तांब्याची तार एरियल म्हणून त्यांनी टाकीपासून चिंचेपर्यंत ताणली, रीतसर परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना काढला, आणि तेव्हापासून जेवायला हाक मारली की मामा नेमके ब्राझीलमध्ये असत. समोरच्याचा आवाज किती स्पष्ट आला याचे पाचपैकी गुण द्यायचे आणि तसं कार्ड टपालानं धाडायचं, ही या छंदातली रीत. मामा ती आम्हा नातेवाइकांनाही लावत. मी मंचरच्या बाजारातून साधा फोन केला तरी आठवड्यानं पुण्याला माझ्या घरी कार्ड यायचं: 'आवाज दोन. मागे कांद्याचा लिलाव.' एकदा मामींनी एरियलवर ओल्या गोधड्या वाळत घातल्या आणि जपान बोलता बोलता गप झाला. मामा खवळले, तर मामी म्हणाल्या, "त्याला म्हनावं, गोदड्या वाळल्यावर बोल." मामींना मात्र कार्ड कधी मिळालं नाही. मामा म्हणायचे, "हिला कशाला? हिचा आवाज तारेबिगर पार मढ गावापत्तुर जातोय."

मागच्या वर्षी मामींना लकवा झाला. जिवावरचं निभावलं, पण जीभ जड झाली, शब्द एकमेकांत मिसळू लागले. बोलत राहिल्या तरच सुधारतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आम्ही सगळे दर वाक्याला "काय? काय म्हणालात?" विचारत होतो. शेवटी मामींनी बोलणंच सोडलं. मला त्या गप्प बसण्याची फार भीती वाटली.

दिवाळीत गेलो तर वायरलेस बंद. एरियलवर साड्या वाळत होत्या, मामांनीच धुतलेल्या. ते मामींच्या खाटेशी बसले होते, डोळे मिटून, एक हात वर धरून. लांबचं स्टेशन लागलं की असेच बसायचे. मामी काहीतरी बोलल्या. मला एक शब्द कळला नाही.

"म्हंती, भाचा वाळलाय, धपाटी करा त्याला," मामा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळतं?"

"चाळीस वर्सं मंग काय केलं मी? खरखरीतनं मान्सं हुडकली. घाई करायची न्हाई, 'काय' म्हून इचारायचं न्हाई. ऐकत ऱ्हायचं."

मामी पुन्हा बोलल्या, या वेळी बरंच लांबलचक. मामा ओशाळून हसले. "साड्या नीट पिळल्या न्हाईत म्हंती."

उशाशी औषधाच्या बाटलीला टेकवून एक कार्ड उभं होतं. त्यावर मामांच्या अक्षरात मामींचं नाव आणि खाली, 'आवाज पाचपैकी पाच.'

ते वाचून मलाच बोलता येईना. काय झालं, असं मामांनी विचारलं नाही.