बेंदराचा घोडा

आज बेंदूर. पूजेच्या बैलांसाठी नातीनं माती भिजवली आणि त्या वासानं मला लहानपणीच्या विट्याच्या घरी नेलं.

तेव्हा पाटावर मातीच्या बैलांशेजारी एक ऐटबाज घोडा उभा होता. आबांनी विचारलं, "ह्यो कुणी केला रं?"

"मी," म्हणालो आणि थोरल्या आक्काचेच शब्द ठोकून दिले, "घोडं लांबच्या गवताळ मुलखात माणसाळलं, तिथनं जगभर पसरलं. पावणा हाय, त्यालाबी पोळी द्या."

आबांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं. घोडा घडवणारी आक्का बैलांना हळदकुंकू लावत राहिली.

आज घरात सगळ्यांना खरं सांगितलं, आक्कालाही फोन केला. ती खळखळून हसली. "आरं खुळ्या, आबांनी तवाच वळखलं हुतं. तुझा बैल शेळीवाणी दिसायचा! घोड्याची पोळी त्यांनी गुपचूप मलाच दिली."