घोडीखालचा पातेरा

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. ती सोडून त्याने घाटावरून एक तांबडी घोडी आणली आणि मालवणजवळच्या आमच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवू लागला. आमची वाडी मच्छीमारांची आणि नारळवाल्यांची. इथे म्हशीचे दुखणे कळते, होडीच्या इंजिनाचेही कळते. घोड्याचे दुखणे कोणालाच ठाऊक नव्हते.

जहाजावर माणसे पाठवणारा मुंबईचा एजंट त्याला अधूनमधून फोन करी. भाऊ "कळवतो" म्हणे आणि विषय बदली. घोडीवर घर चालले तर तो राहणार, नाहीतर पुन्हा जहाजावर जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होते. त्याची मुलगी बापाला बाप म्हणून ओळखू लागली होती ती याच वर्षात.

पावसाळ्यात किनारा बंद असतो. होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकतात आणि पर्यटक येत नाहीत. खारा वारा आणि पाऊस घोडीला सोसणार नाही म्हणून भाऊ तिला टेम्पोत घालून सासुरवाडीला घेऊन गेला. सासुरवाडी डोंगराच्या पायथ्याशी. तिथे भात, काजू, आंबा आणि गुरांनी भरलेला गोठा. त्या भागात उन्हाळ्यात काजूच्या बागेतला सुका पाला झाडून गोळा करतात. हा पातेरा गोठ्याला लागूनच रचून ठेवायचा आणि पावसाळाभर गुरांखाली पसरायचा. शेणामुतात भिजला की त्याचेच खत. घोडीला गोठ्यातला एक कोपरा मिळाला आणि पाय रुतेल इतका पातेरा मिळाला.

पाऊस ओसरल्यावर भाऊ तिला घेऊन आला, तेव्हा टेम्पोत पातेऱ्याची पोतीही होती. तिला मऊ अंथरुणाची सवय झाली आहे, नुसत्या वाळूवर ती कशी निजणार, असे त्याचे म्हणणे होते. झापांच्या मांडवात त्याने जाड थर पसरला. आई घरासमोरच्या खळ्यात बसून बघत होती.

"माजे गुडघे धरतत, पण माज्या खालती कोणी कधी पातेरो घालूक नाय," ती म्हणाली.

"तू पर्यटकांक पाठीर घेऊन फिर, तुजाय खालती घालतंय," भाऊ म्हणाला.

घोडीच्या अंगावर गोचिडी दिसल्या त्या आल्यावर लगेचच. भावाने पाठीवरच्या, मानेवरच्या उपटून काढल्या आणि तिला समुद्रात नेले. आमच्याकडे समुद्राच्या पाण्यावर मोठा विश्वास. खरूज असो, पायाला झालेली जखम असो, आधी खारे पाणी. "खाऱ्या पाण्यात गोचीड जगणा नाय," असे त्याला तिघाचौघांनी सांगितले आणि त्यालाही ते पटले. पाठ स्वच्छ झाली. पुन्हा दिसल्या की पुन्हा समुद्र. अंथरूण ओले झाले की तो पोत्यातला नवा पातेरा पसरी. सासुरवाडीचे माणूस बाजाराला आले की आणखी एखादे पोते येई.

हंगाम सुरू होण्याच्या सुमारास एका सकाळी घोडीने कोंड्याला तोंड लावले नाही. मान खाली घालून उभी राहिली. अंग तापलेले होते. हिरड्या फिक्या, पिवळसर झाल्या होत्या. ती मुतली तेव्हा मूत कोकमाच्या आगळासारखे गडद तांबडे होते. भावाने पायाने त्यावर वाळू ढकलली. नंतर त्याने सांगितले की तो रंग आईने बघू नये असे त्याला वाटले होते.

दुपारपर्यंत बातमी वाडीभर झाली. शेजारचे काका पर्यटकांना खोल्या देतात. ते कुंपणाबाहेरच उभे राहिले.

"वायट मानू नको रे. पण ती थय रानाच्या बाजूक ऱ्हवान इली. थय माकडताप आसा. तोय गोचिडीनच येता. माज्याकडे पावणे येतत. कोणाक काय झाला तर?"

"मगे मी काय करू?"

"काय ता कळासर हलव तिका."

"खंय हलवू? दर्यात?"

काका आपल्या खोल्यांकडे वळले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. डोंगराकडच्या काही गावांत माकडतापाचे रुग्ण सापडतात, रानातला पाला गोळा करू नका असे आरोग्य कर्मचारी घरोघर सांगतात. सासुरवाडीलाही सांगून गेले होते. त्यांनी ते ऐकलेही. रानात जाणे बंद केले. पाला स्वतःच्या काजूच्या बागेतला, त्यामुळे त्याला ती सूचना लागू नाही, असे त्यांनी धरले होते. त्या बागेत दिवसभर त्यांचीच गुरे चरत.

पशुवैद्यक दुसऱ्या दिवशी आल्या. मूळच्या घाटावरच्या, घोडी हाताळलेल्या. ताप मोजला, हिरड्या पाहिल्या आणि शेपटी वर उचलली. शेपटीच्या मुळाशी, आतल्या बाजूला गोचिडी दाटीने बसल्या होत्या. आयाळीच्या मुळात होत्या. कानातही होत्या.

"हे पाहिलं नव्हतं?"

भाऊ कार्यालयात बोलावे तसे मराठी बोलू लागला. "मॅडम, पाठ मी रोज बघतो."

"पाठ आपल्याला दिसते. गोचिडीला आडोसा लागतो. खाली काय घालता तिच्या?"

"पातेरा. चांगला, सुका. खास मागवतो," भाऊ म्हणाला आणि ओंजळभर उचलून त्याने दाखवला.

त्यांनी पांढरे कापड मागितले. भावजयीने धुतलेला पंचा आणला. ओंजळीतला पाला त्यावर उन्हात झटकला आणि बाजूला सारला. थोड्या वेळाने पंच्यावर तिळाएवढे काही हलू लागले. भाऊ बघत राहिला. आईनेही बघितले. 

"म्हणजे मीच घातलंय तिका," भाऊ म्हणाला. कार्यालयातली मराठी संपली होती.

"ताप कुठल्या गोचिडीने दिला ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घाटावरूनच अंगात घेऊन आली असेल. पण नव्या येत राहिल्या तर उपचाराचा उपयोग नाही. आधी हे सगळं काढा. आणि रक्त तपासल्याशिवाय मी औषध देणार नाही. चावणाऱ्या माश्यांमुळे होणारा एक आजार असाच दिसतो, त्याचं औषध वेगळं."

रक्ताचा नमुना ओरोसच्या प्रयोगशाळेत पोचवण्याचे काम माझ्याकडे आले. नळी थंड ठेवायची होती. घरात त्यासाठी एकच वस्तू होती, मासळीचा थर्मोकोलचा खोका. बर्फ भरून तो मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो.

"मासे खालती ठेवा," कंडक्टर म्हणाला. "काय, सुरमई?"

"मासे नाहीत. घोडीचं रक्त आहे."

कंडक्टरने तिकीट दिले आणि तो पुढे गेला. शेजारचे गृहस्थ वाटेतले कट्टा गाव येण्याआधीच उठून मागच्या सीटवर गेले. ओरोसपर्यंत मला जागा ऐसपैस मिळाली.

मी परत आलो तेव्हा मांडव रिकामा होता. किनाऱ्यावर खड्डा खणून भावाने सगळी पोती जाळली होती. घोडी बाहेर माडाला बांधलेली होती. फोनवर त्याचे सासरे होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आमची गुरां जल्मापासून ह्याच पातेऱ्यार निजतत! त्येंका काय झाला?" भाऊ त्यांना समजावत नव्हता, नुसता "होय" म्हणत होता. समोर घोडी उभी होती आणि त्याचे लक्ष तिच्या बरगड्यांवर होते.

अहवाल फोनवरच कळला. गोचीड ताप. रक्ताच्या पेशींत परजीवी दिसले होते. हा घोड्यांचा आजार. माकडताप नव्हे आणि घोडीपासून माणसांना त्याचा धोका नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. भावाने फोनचा स्पीकर लावून ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावले. कुंपणाबाहेर काका उभे होते. ते आत आले.

"मगे सांगूचा नाय आधी," ते म्हणाले आणि घोडीच्या अंगाला हात न लावता तिच्याजवळ उभे राहिले.

इंजेक्शन दुपारी दिले. तिला घाम येईल, लाळ गळेल, पोटात कळ येईल, घाबरायचे नाही, असे बजावून डॉक्टर थांबल्या. तसेच झाले. घोडी भिजून गेली, पाय आपटू लागली. भाऊ तिच्या तोंडाशी उभा होता आणि काका, ज्यांनी तिला हलवायला सांगितले होते, ते विहिरीचे पाणी आणत होते. सूर्य खाली गेला तेव्हा ती शांत झाली. पुढच्या दिवसांत आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न तिच्या मुताच्या रंगाचा असे. आगळाचा रंग सरबतावर आला, मग तोही गेला. कोंडा संपू लागला.

एका सकाळी माडाच्या बाजूने भावाची हाक आली. घोडी वाळूत पडली होती, चारही पाय वर. तो धावला. आई खळ्यातूनच म्हणाली, "ओरडतंस कित्याक? लोळता ती. इतके दिवस गादीर लोळाक गावला नाय तिका."

घोडी या कुशीवरून त्या कुशीवर गेली, उठली, अंग झाडले. वाळू सगळ्यांच्या अंगावर उडाली. ती उघड्या वाळूवर इतकी खूश असलेली मी प्रथमच पाहत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एजंटचा फोन आला. भाऊ तेव्हा माडाखाली घोडीची रोजची तपासणी करत होता. फोन त्याने खांद्याने कानाशी धरला. एक हात शेपटीच्या मुळाशी फिरत होता, दुसऱ्या हाताने शेपटी वर धरलेली होती.

"नाही साहेब, यंदा नाही," तो म्हणाला. "नाही, पुढचंही धरू नका." मग शेपटी सोडून त्याने कान बघायला घेतले.