वहिनींच्या अर्जावर माझी सही

आमच्या गावात ग्रामपंचायत होती तोवर निवडणूक सोपी होती. अर्धं गाव एका उमेदवाराचं सोयरं, उरलेलं दुसऱ्याचं. जे दोघांचेही सोयरे ते मतदानाच्या दिवशी लग्नाला निघून जायचे. मग गावाची नगरपंचायत झाली, सतरा प्रभाग पडले, आणि आता गावाला एका जाणकाराची गरज आहे असं मला वाटलं. आणखी कोणाला तसं वाटतं का, हे मी विचारलं नाही.

बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. उमेदवारी अर्जही आता संगणकावर भरायचा, छापायचा आणि सह्या करून नेऊन द्यायचा. म्हणजे गावची लोकशाही माझ्या प्रिंटरमधूनच बाहेर पडणार होती. मी भिंतीवर खडूने प्रभागांचा नकाशा काढला. खडू चारच रंगांचे होते, त्यामुळे चार आणि पाच हे शेजारचे प्रभाग दोन्ही हिरवे झाले. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मी सांगायचो, "तुमी नऊमध्ये येता. तुमची बहीण बारात. समजून घ्या जरा."

प्रभाग चार महिलांसाठी सुटला आणि आमच्या समोरच्या वहिनी दुकानात आल्या. वहिनी ढिवरांच्या घरच्या. नवरा तलावात मासे धरतो, सासू आठवडी बाजारात विकते. गावामागच्या त्या तलावाचं सौंदर्यीकरण करायचं घाटत होतं: चहूबाजूंनी फरशीचा रस्ता, बाकं, पायडलच्या बोटी.

"भाऊ, बोटी फिरतीन तं जाळं कुठी टाकावं आमी?" वहिनी म्हणाल्या. "अर्ज देऊन देऊन थकलो. आता आतमध्ये बसूनच बोलतो. मले उभं राह्यचं हाय."

"राहा ना! सूचक मी होतो."

सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा. तो त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो, हा नियम मी गावात निदान पन्नास जणांना समजावून सांगितला होता. वहिनींच्या अर्जासाठी नव्या मतदारयादीतून त्यांचा क्रमांक शोधला, नीट तपासून टाकला. माझा क्रमांक मात्र मला पाठ होता. ग्रामपंचायतीच्या तीन निवडणुका तोच. स्वतःचा नंबर काय शोधायचा? धाडकन टाकला, लांबलचक सही ठोकली.

"एकदा पाह्यून घ्या ना भाऊ," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुमी बिनधास्त झोपा."

छाननीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. निवडणूक अधिकाऱ्यांनी वहिनींचा अर्ज हातात घेतला, तसा विरोधातल्या उमेदवाराचा नवरा उभा राहिला. "साहेब, आक्षेप हाय. यायचा सूचक चार नंबरातला नाई."

मी हसलो. म्हटलं, "तुमी नकाशा पाह्यला का माझ्या दुकानातला?"

"पाह्यला. सारं हिरवंच हिरवं दिसून राह्यलं."

साहेबांनी यादी उघडली, बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दिलेल्या क्रमांकावर बाई आहेत. वय एकाहत्तर."

खोली हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "तब्येत चांगली ठेवली हो बाईनं!"

मग उलगडा झाला. नवी सीमा कोपऱ्यावरच्या बोअरिंगच्या हातपंपापासून आमच्या गल्लीतून सरळ मधोमध गेलेली. समोरची ओळ चारमध्ये, आमची पाचमध्ये. वहिनींचं दार माझ्या दारापासून नऊ पावलांवर. पण सतरा प्रभाग गावाला समजावणारा माणूस स्वतःच्या घरात बसून दुसऱ्याच प्रभागात जेवत होता.

साहेबांनी अर्जावर लाल शाईने 'नामंजूर' लिहिलं. अर्ज भरायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. तलाव, जाळी, सगळं माझ्या एका झोकदार सहीखाली बुडालं होतं. वहिनींकडे बघायची हिंमत होईना. त्या मात्र पदर सावरून शांत उभ्या.

"साहेब, माझा दुसराबी अर्ज हाय ना. तो पाहा."

एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त अर्ज भरता येतात. एक बाद झाला तर दुसरा असावा म्हणून. हाही नियम मीच लोकांना सांगायचो. दुसऱ्या अर्जावर सूचक होती वहिनींची सासू, अंगठा अधिकाऱ्यासमोर लावलेला, क्रमांक बरोबर. साहेबांनी दोनदा ताडून पाहिलं आणि लिहिलं, 'मंजूर'.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "वहिनी, हा अर्ज कुठी भरला?"

त्या जरा लाजल्या. "स्टँडच्या पल्याडच्या दुकानात. तुमाले वाईट वाटन म्हणून सांगतलं नाई."

"पण काऊन?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "तू मागं माझा पगाराचा फारम भरला होता का नाई? निराधार योजनेचा? त्यात मले पुरुष लिवलं होतं बापा. सहा महिने मी पुरुष होतो."

मतदानाच्या दिवशी गल्लीतली समोरची सगळी ओळ शाळेच्या डाव्या खोलीत वहिनींना मत द्यायला गेली. मी उजव्या खोलीत गेलो आणि प्रभाग पाचमधल्या एका गृहस्थाला मत दिलं. ते पडले. वहिनी निवडून आल्या, थोडक्या मतांनी, पण आल्या.

तलावाचा विषय सभेत आला तेव्हा मी मागच्या बाकावर बसून होतो. आदल्या दिवशी वहिनींना दोन पानी भाषण छापून दिलं होतं, त्यात 'जैवविविधता' हा शब्द चारदा. वहिनी उभ्या राहिल्या. भाषणाची घडी करून त्यांनी पाण्याच्या गिलासावर झाकण म्हणून ठेवली, माशा बसू नयेत म्हणून, आणि म्हणाल्या, "फिराले रस्ता पाह्यजे, बरोबर हाय. तो सडकेच्या बाजूनं करा. घाटाच्या बाजूनं आमी जाळी टाकतो, मासोळीचं बीज सोडतो, तिथी बोट आली तं जाळंबी फाटन अन् बोटबी अडकन. फिरणाऱ्याले काठ पाह्यजे, आमाले पाणी पाह्यजे. दोन्ही हाय ना तलावाले?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी विरोधात बोललं नाही. ठराव झाला: फरशी सडकेच्या बाजूनं, बोटी रद्द, घाट मासेमारीला मोकळा.

सभा संपल्यावर वहिनी गिलासातलं पाणी प्यायल्या आणि सासूला फोन लावून म्हणाल्या, "बाई, त्यायले सांगा, जाळं घरातून काढा म्हणा, घाटावर न्या."