पलंगावरची तीन अक्षरं

डॉक्टरानं माह्या हातातला चहाचा कप घेतला नाई. म्हने, "धरून ठेव. सगळ्यांना दिसू दे."

मी धरून ठेवला. आनीबानीच्या आदीची गोष्ट. दवाखान्यात सकाळचा राऊंड. डॉक्टराच्या मांगं पांढऱ्या कोटातली सात-आठ शिकाऊ पोरं-पोरी, माह्याच वयाची. पलंगावर माहा बाप. त्या दिवशी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं.

"पाटी वाच."

पलंगाच्या दांडीले पुठ्ठा बांधला होता. त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं. एन. बी. एम. मी अल्लीपूरले चौथीपरेंत शिकली. मराठी येत होतं. इंग्रजी नाई.

"येत नाई," म्हनलं.

"वाचता येत नाही, पण चहा पाजता येतो. तुम्ही लोक जनावरं ती जनावरंच राहणार."

एक पोरगी हसली. बाकीच्यांनी वहीत पाह्यलं. बाप म्हने, "साहेब, मीच मांगतला. घसा वाळला होता." त्याच्याकडं कोनी पाह्यलं नाई.

ऑपरेशन रद्द. महिन्याभरानंतरची तारीख दिली. बापाले एस्टीनं घरी आनलं. तारखेच्या आदीच त्याचं आतडं अडकलं. पोट फुगलं. बैलबंडीत टाकून हिंगनघाटले नेत होतो. वाटेतच गेला.

तेरवीच्या पंगतीत भाऊ बोलला, "चहा पाजून बाप मारला इनं." मी वरन वाढत होती. वाढतच राह्यली. रडू आलं नाई. मलेही तसंच वाटत होतं. मंग बरीच वर्सं तशीच गेली. लगन झालं, वर्ध्याले आली, दुसऱ्या एका दवाखान्यात आया म्हनून लागली. चहा मातर कोनाले हातानं देत नव्हती.

तिथं केरळची एक सिस्टर होती. एक दिवस तिनं माह्या हातात पुठ्ठा देल्ला. "सात नंबरला लटकव." तेच तीन अक्षरं.

"याचा अर्थ काय होते, सिस्टर?"

"तोंडातून कुछ नाही देना. पानी पन नाही."

एवढंच. मी पुठ्ठा घेऊन उभी. पह्यले काईच वाटलं नाई. मंग सात नंबरच्या दांडीले तो बांधता बांधता समजलं. हे मले कोनी सांगतलं असतं, तं मी बापाजवळ पहारा देल्ला असता. थेंब जाऊ देल्ला नसता. बाप मी मारला नव्हता.

मंग मी सिस्टरले रोज एक विचारत गेली. बी. डी. म्हंजे दोनदा. टी. डी. एस. म्हंजे तीनदा. एच. एस. म्हंजे झोपताना. एस. ओ. एस. म्हंजे तरास झाला तरच. यात अवघड काय होतं?

एकदा पवनारची एक बाई नवऱ्याले घरी नेऊन राह्यली होती. तिच्या पोरीनं औषधाच्या चिठ्ठीवरची अक्षरं लावून वाचली. बाईनं डॉक्टरले विचारलं, "साहेब, यात बिडी लिवली. माहा मानूस तं बिडी ओढत नाई."

डॉक्टर हसला. त्याच्या मांगची शिकाऊ पोरंही हसली. बाईनं पदर तोंडाले लावला.

मी फरशी पुसत होती. उठली. "साहेब, दोन वेळा म्हना. सकाळी अन् संध्याकाळी. तिले मराठी येते."

"तू कोण?"

"आया."

"मग आयाचं काम कर."

"तेच करून राह्यली. पन तुमी तिले सांगतल्याशिवाय मी इथून हलत नाई."

डॉक्टरनं चिठ्ठी हातात घेतली. त्यानं सांगतलं. खाली पाहून, एकेक गोळी.

त्याच दिवशी मेट्रननं मले वॉर्डातून काढून कपडे धुवाच्या खोलीत टाकलं. म्हने, माफीच्या कागदावर सही कर, मंग वॉर्ड. कागद इंग्रजीत होता. मी म्हनलं, मराठीत आना. आनला. वाचला. सही केली नाई. करनारही नाई.

वॉर्ड गेला तं जाऊ द्या. काम सुटलं का मी दवाखान्याच्या फाटकाजवळ उभी राह्यते. कोनाच्या हातात चिठ्ठी दिसली का थांबवते. म्हनते, माघारी जा. ज्यानं लिवलं त्याच्याच तोंडून ऐका. ऐकल्याशिवाय घरी जाऊ नका.