साक्षगंधाच्या दिवशीची भाजी

मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पाहुण्यांनी जी वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली, ती माझ्या बायकोनं केलेली नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही, आणि बायकोला तर नाहीच. ती भाजी वाशीम रोडवरच्या एका ढाब्यावरून आली होती. बायकोनं पहाटे उठून चुलीवर केलेली भाजी मी परसातल्या उकिरड्यात ओतली आणि वरून राख लोटली.

मी बोलणारा माणूस नाही. रिसोडला माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक माझ्याकडे आणतात. उघडायच्या आधीच, नुसत्या वासावरून मी सांगतो की आतली तार किती गेली आहे. या धंद्यात बोलायचं काम पडत नाही, आणि घरी बोलायची सवय मी लावून घेतली नाही.

आमच्या घरात बाहेर खाणं म्हणजे जवळजवळ अपमान होता. बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ प्लेटभर भजे खाऊन आलो आणि घरी भाकर कमी खाल्ली, की बायको विचारायची, "काहून, घरी चूल पेटत नाही का आपल्या?" तिच्या हाताला नाव होतं. मोहल्ल्यात कोणाकडे कार्य असलं की स्वयंपाक आचारी करायचा, पण भाजीला फोडणी द्यायला तिला बोलावणं यायचं. ती काही मोजून टाकायची नाही. आणि चाखायची तर कधीच नाही. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला जीभ लावायची नाही, ही तिच्या आईची शिस्त. तिनं ती सासरीही सोडली नाही. वासावर तिचं सगळं चालायचं. कढईवर वाकायची, एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "झालं."

ज्या वर्षी बाजार बंद होते, त्या साथीत तिला ताप आला. ताप गेला, वास आणि चव गेली ती गेलीच. हे तिनं मला सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, "येऊन राह्यली हळूहळू," असं माझ्यादेखतच म्हणाली. मी विश्वास ठेवला, कारण तेच सोयीचं होतं.

मग एक दिवस दुपारी मी जेवायला घरी आलो, तर दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं होतं. वास अंगणापर्यंत आला होता. ती त्याच ओट्याशी पाठ करून कांदा चिरत उभी होती. मी गॅस बंद केला. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ध्यानच नाही राह्यलं." त्या दिवशी वरण इतकं खारट होतं की मला दुसरा घास गिळवेना. मी पाणी पीत पीत जेवलो. आमच्यात बाई शेवटी जेवते. मी हात धुऊन खाटेवर बसलो आणि तिच्याकडे पाहत राहिलो. तेच वरण भातावर घेऊन ती शांतपणे जेवत होती. तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. तेव्हा मला कळलं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, "मस्त झालं आज."

मुलगी माझ्यासारखी नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. तिनं दोन-चार दिवसांत म्हटलंच, "आई, भाजीत मीठ दोनदा पडलं का?" बायकोचा चेहरा पांढरा पडला. मी मुलीवर डोळे वटारले. "तुले लागलं असन जास्त. मले बरोबर लागली." नंतर मुलीनं मला अंगणात गाठलं.

"बाबा, तिले सांगा ना. तिले वास येत नाही वाटते."

"तू चूप राय. तिचं मन मोडू नको."

"मन मोडत नाही तं पोट मोडते आपलं," ती म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही. पण त्यानंतर तीही चूप राहिली. घरात खरं बोलणारं एकच माणूस होतं, त्याचं तोंड मी बंद केलं.

आणि मग मी दोघींना बाहेर जेवायला न्यायला सुरुवात केली. आधी रविवारी. मग रविवार आणि बाजाराच्या दिवशी. मग मधल्या वारीही काही ना काही निमित्त काढून. गाडीवर तिघं बसून आम्ही ढाब्यावर जायचो. मुलगी पनीर मागवायची, मी शेवभाजी. पोटभर जेवायला मिळायचं म्हणून मी जायचो, हे खरं कारण. मोहल्ल्यातल्या बाया बायकोला चिडवायच्या, "वैनी, मजा हाय बा तुमची! आमच्या घरचे तं चहासुद्धा बाहेर पाजत नाहीत." बायको हसायची. ढाब्यावर ती समोरचं ताट पाहायची, आमची तोंडं पाहायची, आणि आम्ही मान डोलावली की तीही म्हणायची, "छान हाय." तिच्या जिभेला काही कळत नव्हतं. आमच्या तोंडाकडे पाहून ती चव ठरवत होती.

एकदा गाडीवर मागून तिनं हळूच विचारलं, "मी रांधते ते आवडत नाही का आता?"

"तसं नाही. तुले आराम."

"मी मागतला का आराम?"

मी गाडीचा वेग वाढवला. वाऱ्यात ऐकू आलं नाही, असं दाखवता येतं.

मुलीचं जमलं. मुलाकडचे आसेगावचे, शेतीवाले, मोकळी माणसं. साक्षगंध आमच्या घरी ठरलं. आचारी लावला. पण बायको हटून बसली, "वांग्याची भाजी मीच करन. पोरीच्या सासरचे पहिल्यांदा जेवून राह्यले माझ्या घरी." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कर की."

आदल्या संध्याकाळी मी ढाब्यावर गेलो आणि तिथल्या आचाऱ्याला भाजी सांगितली. वांगी मीच बाजारातून नेली होती, तिनं आणलेल्या पाटीतलीच वाटावी अशी, लहान, काटेरी. "चार चिरा द्या, पण देठ ठेवा," असं त्याला बजावलं, कारण ती देठ ठेवायची. इतका बारीक विचार मी तिच्यासाठी त्याआधी कधी केला नव्हता.

पहाटे तिनं परसात चूल मांडली. मी आत पडून करपल्याचा वास घेत होतो. नाक माझं शाबूत होतं. उठून बाहेर जाऊन, "अवं, खाली लागून राह्यली, हलव," एवढं म्हटलं असतं तरी अर्धी भाजी वाचली असती. मी पडून राहिलो. उठलो असतो तर तिला कळलं असतं की मला कळतं.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी बोट बुडवून चाखलं. नैवेद्याच्या आधी. खारट होती, तळाला कडू. मी भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, उचलला, उकिरड्यात उपडा केला, राखेनं घासला. लग्नानंतर मी घासलेलं ते पहिलं भांडं. ढाब्यावरचा माणूस कॅन घेऊन मागच्या गल्लीत उभाच होता. ती नवं लुगडं नेसून, ओले केस बांधत बाहेर आली तेव्हा गंज भरून झाकलेला होता. तिनं झाकण काढलं, आतून वाटीभर घेतली आणि देवापुढे ठेवली. हात जोडून किती तरी वेळ उभी होती. काय मागत होती ते मला माहीत होतं.

पंगत बसली. मुलीचे होणारे सासरे म्हणाले, "भाजी कोणं केली? आचाऱ्याची नाही दिसत ही."

"आमच्या घरच्यांनं," मी म्हणालो.

"मंग येऊ द्या अजून इकडे. इहीनबाई, हात सलामत राहो बा तुमचा!"

ती दाराआड उभी होती. पदर तोंडावर घेऊन रडली. सगळ्यांना वाटलं, पोरीचं जमलं म्हणून. नंतर स्वयंपाकघरात माझ्या बाहीला धरून म्हणाली, "माहा हात परत आला." ती गोष्ट आमच्यात कधी बोलली गेलीच नव्हती, म्हणून परत काय आलं हे मी विचारायला हवं होतं. तिनं दार उघडलं होतं. मी फक्त मान हलवली.

त्यानंतरचे काही महिने ती फार आनंदात होती. बाहेर जायला नाही म्हणायची. "घरचं असताना कायले पैसे घालता?" शेजारी वाटी पाठवायची. वाटी परत यायची तेव्हा त्यात साखर असायची, आणि शेजारच्या बाया काही बोलायच्या नाहीत. सगळा मोहल्ला माझ्यासारखा झाला होता.

लग्नानंतर मुलीच्या सासऱ्यांचा निरोप आला. शेतात रोडग्यांची पार्टी आहे, गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे आमची माणसं भाजतील, भाजी मात्र विहिणीच्याच हातची पाहिजे. तिनं घरचा मसाला कुटून फडक्यात बांधला. जीपमध्ये ती पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली होती. मंगरूळपीर मागे पडेपर्यंत मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा बाहेरच्या तुरीकडे पाहिलं.

मी ठरवलं होतं, शेतात तिच्याजवळ बसेन, कसंही करून चाखेन. पण व्याह्यांनी मला विहिरीवरची मोटार पाहायला नेलं. "तुमचा हात लागू द्या एकदा." मी बिघाड शोधत राहिलो. परत आलो तेव्हा पत्रावळी मांडल्या होत्या.

पहिला घास व्याह्यांच्या भावानं घेतला. तो थांबला. मग थट्टेनंच म्हणाला, "इहीनबाई, पोतं उपडं झालं का मिठाचं?" सगळे हसले. मग एकेकानं चाखली आणि हसणं थांबलं. कोणीतरी म्हणालं, "दही आणा बा." मुलीच्या सासूबाई सावरून घ्यायला लागल्या, "शेतातली चूल हाय, अंदाज नाही येत." बायको वाढण्याचं भांडं हातात घेऊन तशीच उभी. ती माझ्या पत्रावळीकडे पाहत होती. मी भाजी बाजूला सारली होती.

फक्त मुलगी जेवत होती. ती बायांच्या पंगतीत होती, खाली मान घालून. रोडगा भाजीत चुरून तिनं सगळं संपवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, मले वाढ अजून."

बायकोनं तिला वाढलं नाही. भांडं खाली ठेवून ती बांधाकडे चालत गेली.

परतताना जीपमध्ये ती मसाल्याच्या रिकाम्या फडक्याची घडी घालत बसली होती. मग तिनं विचारलं, "तुमाले पण खारट लागली?"

"थोडीशी."

"साक्षगंधाले?"

इथं मी सांगू शकत होतो. दुसऱ्यांदा दार उघडलं होतं, आणि तिनंच. मी म्हणालो, "नाही. तेव्हा एक नंबर झाली होती."

"मंग त्याच्या बाद गेला हात," ती म्हणाली. "देवानं एक दिवसापुरता देला होता."

त्या दिवसापासून तिनं चूल सोडली. चहा ठेवते, तोही मी चाखायच्या आधी दोनदा विचारते, "साखर पडली ना?" जेवण खानावळीतून डब्यात येतं. कंटाळा आला की आम्ही ढाब्यावर जातो. ती समोर बसते आणि औषध घ्यावं तसं जेवते. आता माझ्या तोंडाकडेही पाहत नाही. लेकीच्या घरी जायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखतात. पोरीला सासरी कोणी टोमणा मारला नाही, ती माणसं चांगली आहेत. पण बायकोला वाटतं, आपण पोरीची मान खाली घालवली.

परवा दुकानात एक तरुण गिऱ्हाईक बसलं होतं. त्याच्या घरी रोज भांडण. बायको म्हणते आठवड्यातून एकदा तरी बाहेर जाऊ, आई म्हणते घरचं ते घरचं. "काका, तुमी तं रोजच बाहेरचं खाता. तुमीच सांगा, किती बार जावं माणसानं?" मी तार गुंडाळत राहिलो. त्याला काय सांगू? आमच्या घरात आधी महिनोन्महिने कोणी बाहेर जेवलं नाही, तेव्हा आम्ही सुखी होतो. मग आठवड्यातून तीनदा गेलो, तेव्हा आम्ही एकमेकांपासून लपत होतो. किती बार जावं ते मला खरंच माहीत नाही. घरची भाजी खारट झाली तर ती खारट झाली असं ताटावर म्हणावं, एवढं मात्र मी त्याला सांगू शकलो असतो. तेही सांगितलं नाही. म्हणालो, "मोटार उद्या ने."

मुलगी बाळंतपणाला येणार आहे. फोनवर आईला म्हणाली, "आई, मले तुह्या हातची वांग्याची भाजी पायजे. खारट असली तं खारट." बायकोनं फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

मला आता माहीत आहे, काय करता आलं असतं. मी चुलीजवळ पळी घेऊन उभा राहिलो असतो. "मीठ थांबव. तिखट टाक. लागून राह्यली, हलव." तिचा अंदाज होता, माझं नाक होतं, जीभ होती. नैवेद्याच्या आधी चाखलं म्हणून देव रागावला असता तर माझ्यावर रागावला असता. मी त्याच देवाला ढाब्याची भाजी दाखवली, तेव्हा तो काही बोलला नव्हता.

साक्षगंधाच्या दिवशीची भाजी तिची नव्हती, तिचा हात एक दिवसापुरता परत आला नव्हता आणि शेतात तो गेलाही नव्हता. गेली होती फक्त चव, आणि ते मला पहिल्या वरणापासून माहीत होतं. हे तिला सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.