जन्मलेली किती, जगलेली किती

तिला सगळं गाव सिस्टर म्हणायचं. रागावला की नवराही म्हणायचा. एकतीस वर्षं तिने गावच्या छोट्या दवाखान्यात बाळंतपणं केली, आणि आता वरून पत्र आलं होतं: वर्षाला साठ बाळंतपणं होत नसतील, तर प्रसूतीची खोली बंद करून तिथे म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड काढा. मागच्या वर्षी झाली होती एकोणचाळीस. सिस्टरने पत्र दोनदा वाचलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर असं आपटलं, की जणू त्यांनीच ते लिहिलं होतं.

ती नोकरीला लागली तेव्हा एकेका खाटेवर दोघी निजायच्या. केसपेपरवर बाईला दोन प्रश्न विचारावे लागत: जन्मलेली किती, जगलेली किती. 'नऊ, चार' असं एखादी सहज सांगून जायची आणि सिस्टरचं पेन अडखळायचं. किती जगतील याचा भरवसा नाही, म्हणून बाया चार जास्तच जन्माला घालायच्या. सिस्टर लसीचा डबा खांद्याला लावून दारोदार फिरली. पाणी उकळा, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी पाजा, हे सांगता सांगता तिच्या तोंडाला फेस आला. पोरं जगू लागली. पण भीती काही लसीने जात नाही. बाया पुढची पंधरा वर्षं जुन्याच हिशेबाने बाळंत होत राहिल्या. गाव फुगलं, शाळा दोन पाळ्यांत भरू लागली, सिस्टरला जेवायला फुरसत मिळेना.

मग हळूहळू बायांचा विश्वास बसला. तीन पुरे, दोन पुरे. अजून एकासाठी अडून बसणाऱ्या सासवांना सिस्टर दारातच फैलावर घ्यायची: पोट सुनेचं आहे, तुम्ही मध्ये पडू नका. केसपेपरवरचे दोन्ही आकडे सारखे झाले तेव्हा तिला कोण आनंद झाला होता. आता आईबाप दोघं जातील, पोरं दोघं मागे राहतील, गाव आहे तेवढंच राहील, असं ती धरून चालली होती. आकडे मात्र एकावर आले, काही घरांत तर मूलच नको झालं.

पत्र आलं त्या रविवारी ती सुनेबरोबर मटार सोलत बसली होती. सून चष्म्याच्या दुकानात कामाला, पदरात चार वर्षांची एकच मुलगी. सिस्टरने आधी इकडचं तिकडचं काढलं, आणि मग जन्मभर ज्या वाक्यासाठी दुसऱ्यांना झापलं तेच बोलून बसली.

"हिला एखादं भावंड नको का गं? माझी खोलीही वाचेल तेवढीच."

"एका बाळंतपणाने खोली वाचते होय, आई?" सून हसली, पण सासूचा चेहरा पाहून थांबली. "आम्ही एकीवर थांबलो ते तुमच्याच भरवशावर. ही जगेल की नाही, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. तुमच्या सासूबाईंना इतकं निर्धास्त कधी वाटलं असेल?"

सिस्टरच्या सासूने सातांपैकी पाच पोरं पुरली होती. सिस्टरने पुढची शेंग सोलायला घेतली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि खोली जाणार याचं दुःखही तसूभर कमी झालं नाही.

सोमवारी ती डॉक्टरांकडे गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "नव्या वॉर्डाच्या खाटा बुटक्या मागवा. म्हाताऱ्यांचे पाय जमिनीला टेकायला हवेत."